भुंगेऱ्याच्या पाठीवरचा पांढरा डाग: मॅक्रोसाठी फ्लॅश डिफ्यूजर कोणता घ्यावा?

काजवा (प्रश्न)

सामान असं आहे: कॅनन ९०डी, ईएफ १०० मिमी एफ/२.८ यूएसएम मॅक्रो (एल नव्हे, साधी), आणि गोडॉक्स टीटी६८५सी फ्लॅश, थेट हॉट-शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) बसवलेला. विषय म्हणजे भुंगेरे, जंपिंग स्पायडर, शील्ड बग आणि पावसाळ्यात बेडूक. सेटिंग बहुतेक वेळा १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश टीटीएलवर (पॉवर कॅमेराच ठरवतो).

अडचण सगळ्या चकचकीत किड्यांवर येते. भुंगेऱ्याच्या पाठीवर एक छोटा, पूर्ण जळालेला पांढरा ठिपका दिसतो. त्याच्या कडेला रंग एकदम गडद होतो आणि पोटाखाली काळीकुट्ट सावली पडते. कोळ्याच्या डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढा पांढरा बिंदू येतो. फ्लॅशच्या डोक्यावर बसणारी दुधी प्लास्टिकची टोपी लावून पाहिली. फोटो अंधारला, ठिपका मात्र तसाच राहिला.

आता हे पर्याय डोळ्यांसमोर आहेत: डोक्यावर बसणारा २० × १५ सेमीचा कापडी सॉफ्टबॉक्स, भिंगाभोवतीची एलईडी रिंग, किंवा घरी बनवलेला डिफ्यूजर (फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा). खर्च दोन हजारांच्या आत हवा. काय घ्यावं, आणि टोपीने काहीच फरक का पडला नाही?

---

भिंगवाला

टोपीचं कारण आधी सांगतो. ते कळलं की बाकीची निवड सोपी होते.

प्रकाश मऊ होतो तो कापडाच्या जाडीमुळे नाही. किड्याच्या जागेवरून पाहिलं तर प्रकाशाचा स्रोत *किती मोठा दिसतो*, यावर सगळं ठरतं. सूर्य अवाढव्य आहे, पण इथून तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून दुपारची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग आले की अख्खं आभाळच स्रोत होतं आणि सावली विरघळते.

हाच हिशोब तुमच्या फ्लॅशला लावा. डोकं साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आहे. हॉट-शूवरून किड्यापर्यंतचं अंतर २८ सेमी धरलं, तर किड्याला तो स्रोत १५ अंशांचा दिसतो. टोपी लावली की रुंदी होते ८ सेमी आणि अंतर २७ सेमी, म्हणजे १७ अंश. एवढ्याने ठिपक्याला काही होत नाही. प्रकाश तेवढा एक-दीड स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). टोपी खोलीत कामाला येते, कारण ती उजेड चारी बाजूंना फेकते आणि पांढरं छत, भिंती तो परत पाठवतात. तिथे खरा स्रोत छत असतं. उघड्या रानात परत पाठवायला काहीच नाही, त्यामुळे उजेड आभाळात जातो.

२० सेमी रुंदीचा सॉफ्टबॉक्स २५ सेमीवरून ४३-४४ अंश भरतो. फरक दिसेल, यात शंका नाही. पण त्याहून लहान, १८ सेमीचा पडदा किड्यापासून १२ सेमीवर आणला तर ७३ अंश मिळतात. म्हणून आकार वाढवण्याइतकंच अंतर कमी करणं महत्त्वाचं. किंबहुना मॅक्रोमध्ये तेच जास्त हातात असतं, कारण विषयच मुळात दीड-दोन सेंटिमीटरचा आहे.

आणखी एक गोष्ट. भुंगेऱ्याच्या पाठीवरचा तो डाग म्हणजे तुमच्या फ्लॅशचं प्रतिबिंब आहे. पाठ गुळगुळीत आहे तोवर प्रतिबिंब राहणारच. डिफ्यूजर डाग पुसत नाही, तो पसरवतो. तेवढाच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर वाटला गेला की प्रत्येक ठिकाणी त्याची तीव्रता उतरते आणि खालचा रंग त्यातून दिसू लागतो. त्यामुळे डाग पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. तो जळका ठिपका न राहता, मऊ कडांचा फिकट पट्टा व्हायला हवा.

एलईडी रिंग घेऊ नका. एफ/११ला तिचा उजेड फ्लॅशपुढे फारच अपुरा पडतो, हात हलतो, आयएसओ वाढतो. शिवाय प्रकाश भिंगाच्या चहूबाजूंनी सरळ समोरून येत असल्यामुळे किडा सपाट दिसतो आणि डोळ्यांत बांगडीसारखं वर्तुळ उमटतं.

तुमच्या फ्लॅशमध्ये आजच्या आज दुरुस्त करण्यासारखी एक गोष्ट आहे. झूम 'ऑटो'वर असेल तर कॅमेरा १०० मिमी भिंग ओळखतो आणि फ्लॅशचं डोकं १०० मिमीच्या आसपास झूम करतं. मग उजेडाचा झोत अरुंद होतो आणि पडदा कितीही मोठा असला तरी त्याचा मधला भागच उजळतो. झूम हाताने सर्वांत कमी आकड्यावर ठेवा आणि डोक्यात आत सरकवलेली पारदर्शक वाइड पट्टी बाहेर काढून काचेवर टेकवा. एवढं न केल्यामुळे अनेकांना चांगला डिफ्यूजरही निकामी वाटतो.

---

पानाखाली

विकतच्या सॉफ्टबॉक्सपेक्षा या भिंगाला घरचा डिफ्यूजर जास्त जुळतो, कारण माप आपल्या हातात राहतं. ९०डी, १०० मिमी आणि हॉट-शूवरचा टीटी६८५ धरून आकृती देतो.

आधी जागेचा हिशोब. हे भिंग १:१ला (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा) सेन्सरपासून ३१ सेमीवर फोकस करतं. भिंगाची लांबी सुमारे १२ सेमी आणि सेन्सर ते माउंट ४.४ सेमी वजा केले की भिंगाच्या टोकासमोर जवळपास १५ सेमी मोकळे उरतात. हूड लावला असेल तर काढा. तो ही जागा खातो आणि प्रकाशही अडवतो.

सामान:

- काळा ईव्हीए फोम, २ मिमी, ए४ आकाराचे ४ तुकडे (शाळेच्या प्रकल्पांसाठी स्टेशनरीत मिळतो तो)
- दुधी, अर्धपारदर्शक पॉलिप्रॉपिलीनचं फाइल-फोल्डर, ए४
- ट्रेसिंग पेपर, एक कागद
- स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल
- २.५ सेमी रुंद वेल्क्रो, ३० सेमी
- दुहेरी चिकटपट्टी, काळी इलेक्ट्रिकल टेप, रबरावर चालणारा चिकटद्रव

आकार नरसाळ्याचा, पण तोंड तिरकं कापलेलं. वरची पट्टी २६ सेमी लांब, पाठीकडे ८ सेमी आणि पुढे १८ सेमी रुंद. खालची पट्टी त्याच रुंदीची, पण लांबी फक्त १५ सेमी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या चौकोनी: पाठीकडची कड ५, वरची २६, खालची १५ आणि पुढची तिरकी कड १८ सेमी. बाजूची पट्टी आखताना वरची कड पाठीच्या कडेशी काटकोनात घ्या आणि खालची कड ३० अंशांनी खाली झुकवा, की पुढची कड आपोआप १८ भरते. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर फोम ओढून सामावून घेतो. ८ × ५ हे पाठीकडचं माप आपल्या फ्लॅशच्या डोक्यावर पट्टी लावून तपासा. जरा घट्टच हवं.

चिकटवण्याआधी चारही पट्ट्यांच्या आतल्या बाजूला फॉइल लावा. फॉइल आधी मुठीत चुरगळून मग हाताने सपाट करायची. गुळगुळीत राहिली तर आरशासारखी वागते आणि पडद्यावर उजेडाचे पट्टे उमटतात. त्यानंतर कडा जोडा, बाहेरून टेप मारा, पाठीकडच्या तोंडाशी वेल्क्रोचा पट्टा.

पडदे दोन लागतात. पहिला ट्रेसिंग पेपरचा, फ्लॅशच्या काचेपासून ५-६ सेमी पुढे, नरसाळ्याच्या आत. दुसरा पॉलिप्रॉपिलीनचा, तिरक्या तोंडावर. एकच पडदा लावला तर मध्यभागी फ्लॅशच्या डोक्याएवढा चौकोन उजळ राहतो आणि मग किड्याच्या लेखी स्रोत तेवढाच. पहिला पडदा उजेड आतल्या आत फेकतो, दुसरा तो उधळतो. दोघांमध्ये मोकळी जागा असणं हाच या रचनेचा जीव आहे. दोन्ही एकमेकांना चिकटवले तर ते एकाच जाड पडद्यासारखे वागतात, प्रकाश तेवढा कमी होतो.

ट्रेसिंग पेपर काचेला टेकवू नका. सलग जास्त पॉवरवर फ्लॅश मारले की काच चांगलीच तापते, कागद तपकिरी होतो आणि फोमचा वास येऊ लागतो. किमान १ सेमी हवा राहू द्या.

हे बसवलं की तोंड किड्याच्या वर आणि किंचित मागे येतं, पडद्याचा मध्य किड्यापासून १२-१३ सेमीवर. भिंगवाला यांनी सांगितलेले ७० हून जास्त अंश इथे मिळतात. मात्र हे १:१ साठी. अर्ध्या आकारात (१:२) फोटो काढायला मागे सरकलात आणि पडदा ते किडा अंतर २१ सेमी झालं, तर कोन ४६ अंशांवर येतो. मोठ्या पतंगासाठी किंवा चतुरासाठी प्रकाश पुन्हा टणक वाटला तर त्याचं कारण हेच.

---

रानवाट

पानाखाली यांची आकृती बरोबर आहे, पण २६ सेमीचं नरसाळं झुडपात घेऊन फिरणं हा वेगळा विषय आहे. वरचं टोक किड्याच्याही पुढे जातं. करवंदीच्या जाळीत किंवा घाणेरीत ते आधी फांदीला लागतं, फांदी हलते, किडा पडतो. आणि एवढा पडदा वरून पुढे आला की त्याची सावली किड्यावर आधी पोहोचते. माश्या आणि चतुर सावलीलाच उडतात.

माझं मत: आधी फ्लॅश पुढे आणा, मग डिफ्यूजर लहान पुरतो. हॉट-शूवर टीटी६८५चं डोकं भिंगाच्या अक्षापासून सुमारे १८ सेमी वर असतं आणि खाली फक्त ७ अंश झुकतं. तेवढ्या उंचीवरून किड्यापर्यंत उजेड न्यायलाच ते लांब नरसाळं लागतं. त्याऐवजी कॅननला चालणारी टीटीएल ऑफ-शू केबल आणि ट्रायपॉडच्या छिद्रात बसणारा वळवता येणारा ब्रॅकेट घ्या. दोन्ही साध्या बनावटीचे घेतले तर तुमच्या खर्चात बसण्यासारखं आहे. डोकं भिंगाच्या टोकाच्या वर आणून ४५ अंश खाली झुकवा. मग पाठीकडे ८ × ५, पुढे १५ × १२ आणि लांबी फक्त ९ सेमी असा बुटका डबा पुरतो. त्यातही दोन पडदे हवेतच: पहिला ३ सेमीवर, दुसरा तोंडाला. पडदा किड्यापासून ९-१० सेमीवर येतो आणि कोन तेवढाच मिळतो.

तोटा वजनाचा आहे. टीटी६८५ चार सेलसकट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. तो पुढे लटकला की मनगट लवकर थकतं आणि ब्रॅकेटचा स्क्रू सैल होत राहतो. स्क्रूखाली सायकल-ट्यूबच्या रबराची चकती घाला, म्हणजे फिरणार नाही. पुढे कधी दुसरा फ्लॅश घ्यायची वेळ आली तर टीटी३५०सीसारखा दोन सेलचा छोटा घ्या. त्याची ताकद कमी आहे, पण दहा सेंटिमीटरवरून ती भरपूर होते.

---

काजवा

दोन्ही आकृत्या उतरवून घेतल्या. आधी नरसाळं करतो, ब्रॅकेट नंतर. काही शंका:

१. पडद्याला पॉलिप्रॉपिलीनऐवजी टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम चालेल का? बटर पेपर?
२. बनवलेला डिफ्यूजर चांगला झाला की नाही हे किड्यावर न जाता घरीच कसं तपासायचं?
३. पोटाखालची काळी सावली यानेही जाईल असं वाटत नाही, कारण उजेड वरूनच येतो.
४. मागचा भाग नेहमी काळा येतो.

---

भिंगवाला

पडद्याचं आणि तपासणीचं मी सांगतो.

पांढरा पॅकिंग फोम, म्हणजे ईपीई, १ मिमी जाडीचा असेल तर उत्तम. उजेड छान पसरवतो, वजन नाही, भिजला तरी पुसून कोरडा होतो. त्यावरचे चौकटीसारखे किंवा बुडबुड्यांचे ठसे मात्र पाहून घ्या. ते डोळ्यातल्या प्रतिबिंबात दिसतात. २ मिमीच्या वर गेलात तर फ्लॅश अर्ध्या पॉवरवर चालवावा लागतो. बटर पेपर नको. तो मेणचट आणि पारदर्शकतेकडे झुकलेला असतो, उजेड पुरेसा उधळत नाही आणि तापला की पिवळा पडतो. ट्रेसिंग पेपर आतल्या पडद्याला उत्तम, बाहेरच्याला नाही, कारण पावसाळी हवेत तो सुरकुततो. दुधी अ‍ॅक्रिलिक देखणं दिसतं, पण जड आहे आणि पडलं की तडकतं.

तपासायला सायकलच्या दुकानातून पाव इंची छर्रा आणा, मागच्या चाकाच्या हबमध्ये असतो तो. काळ्या कापडावर ठेवा, १:१ला फोकस करा आणि फोटो काढा. छर्रा म्हणजे बहिर्वक्र आरसा, त्यामुळे त्यात तुमच्या डिफ्यूजरचं अख्खं तोंड दिसतं. भुंगेऱ्याच्या पाठीवर किंवा कोळ्याच्या डोळ्यात जे दिसणार आहे तेच. आता फ्लॅशची पॉवर एकेका टप्प्याने उतरवत फोटो घ्या: १/४, १/८, १/१६, १/३२. चौकोनाच्या कडा करड्या व्हायला लागल्यावर मध्यभाग आणखी किती टप्पे पांढराच राहतो, ते मोजा. एका टप्प्याच्या आत दोन्ही करडे झाले तर पडदा एकसारखा उजळतोय. दोन-तीन टप्पे लागले तर मध्ये झोत शिल्लक आहे. अशा वेळी बाहेरचा पडदा बदलू नका. आतल्या पडद्याच्या मधोमध, जिथे उजळ डाग दिसतो तिथे, तीन सेंटिमीटरचा ट्रेसिंग पेपरचाच दुसरा तुकडा चिकटवा. झोत अडतो, कडांचा उजेड तसाच राहतो.

एकूण किती प्रकाश गेला हेही मोजून ठेवा. पांढरा कागद, तेच अंतर, तीच सेटिंग. एकदा उघडा फ्लॅश, एकदा डिफ्यूजर. दोन्हींचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) एकाच जागी येईपर्यंत पॉवर किती स्टॉप वाढवावी लागली तो आकडा. दोन ते तीन स्टॉप ठीक आहे. चारच्या वर गेलं तर पडदे जाड झालेत, आणि त्याची किंमत फक्त सेल संपण्यात मोजावी लागत नाही. जास्त पॉवरवर फ्लॅशची लखलख जास्त वेळ चालते. टीटी६८५चा कालावधी पूर्ण पॉवरला १/३०० सेकंद ते सर्वांत कमी पॉवरला १/२०००० सेकंद इतका बदलतो. १/८ किंवा त्याखाली राहिलात तर हाताचा कंप आणि मिशांची हालचाल गोठते, पूर्ण पॉवरला नाही.

त्याच पांढऱ्या कागदाच्या फोटोवरून कस्टम व्हाइट बॅलन्सही बसवा. प्रत्येक प्लास्टिकची स्वतःची छटा असते, दुधी फोल्डर बरेचदा थोडं हिरवट किंवा निळसर निघतं आणि जुनं झालं की पिवळं. डोळ्याला ते कळत नाही, पण पांढऱ्या क्रॅब स्पायडरवर लगेच कळतं.

---

टाचणी

उरलेले दोन प्रश्न, आणि टीटीएलबद्दल थोडं, कारण निम्मे जळालेले फोटो त्याच्यामुळे आहेत.

टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक छोटा फ्लॅश मारून परत येणारा उजेड मोजतो. चौकट भरून काळा भुंगेरा असेल तर त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो पॉवर वाढवतो आणि डाग जळतो. पांढऱ्या कोळ्याला उलट: सगळं करडं. मॅक्रोत अंतर जवळपास ठरलेलं असतं, कारण १:१ला फोकस एकाच अंतरावर होतो. त्यामुळे मॅन्युअल फ्लॅश इथे टीटीएलपेक्षा भरवशाचा. नरसाळं लावून आयएसओ २००, एफ/८, १/२०० आणि पॉवर १/८ पासून सुरुवात करा. हिस्टोग्राम पाहून एक टप्पा वर-खाली, मग हात लावायची गरज नाही. पूर्वफ्लॅश नसल्यामुळे दचकणारे किडेही कमी दचकतात.

एफ/११ ऐवजी एफ/८ का? १:१ला भिंगाचं परिणामी छिद्र आकड्याच्या दुप्पट धरायचं. कॅननचा कॅमेरा स्क्रीनवर मूळ आकडाच दाखवतो. म्हणजे तुमचा एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ आहे. ९०डीचे ३२.५ मेगापिक्सेल इतके बारीक आहेत, की एफ/२२ला प्रकाशाच्या विवर्तनाने एका बिंदूची चकती नऊ पिक्सेलइतकी पसरते. केस आणि खवले मऊ दिसतात, आणि माणूस दोष डिफ्यूजरला देतो. एफ/८ला एक स्टॉप प्रकाशही वाचतो. फोकसची खोली थोडी कमी मिळेल. कोळ्याचे डोळे आणि तोंड एका पातळीत येतील असा कोन साधा.

पोटाखालची सावली: भिंगाच्या टोकाखाली एक पांढरी जीभ लावा. त्याच ईव्हीए फोमची पांढरी पट्टी, १० सेमी रुंद, ९ सेमी लांब, भिंगाच्या पुढच्या कडेला जाड रबर बँडने बांधलेली आणि १५-२० अंश खाली झुकलेली. वरून आलेला उजेड तिच्यावर आपटून पोटाकडे जातो. पानावर बसलेल्या किड्याला हिची गरज कमी, कारण पान स्वतःच उजेड परतवतं, पण हिरवा. काडीवरच्या किड्याला मात्र जिभेने फार फरक पडतो. चांदीचा कागद लावू नका. पांढरा पुरे, नाहीतर पोटावर दुसरा चकाकता डाग येतो. किडा जमिनीलगत असेल तर जीभ काढून टाका, तिथे ती आधी टेकते.

काळी पार्श्वभूमी: उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. पडदा किड्यापासून १२ सेमीवर आणि मागची झाडी एक मीटरवर असेल तर झाडीला किड्याच्या सुमारे सत्तरावा हिस्सा उजेड पोहोचतो, म्हणजे सहा स्टॉप कमी. पडदा जितका जवळ, तितकी पार्श्वभूमी काळी. मऊ प्रकाशाची ही अटळ बाजू आहे. यावर दोन मार्ग. एक, किड्यामागे १०-१५ सेमीवर वाळकं किंवा हिरवं पान दुसऱ्या हाताने धरा. तो उजेड फ्लॅशचाच असल्याने रंग जुळतो. दोन, शटर १/६० आणि आयएसओ ८०० करून फ्लॅशची पॉवर दोन स्टॉप उतरवा, म्हणजे मागचा नैसर्गिक उजेड नोंदला जातो. दुसरा मार्ग उघड्यावर, ढगाळ दिवशी चालतो. दाट रानात किंवा रात्री पानच धरावं लागतं.

आणि हाय-स्पीड सिंकच्या मागे लागू नका. ९०डीचा सिंक (साध्या फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जास्त शटर-वेग) १/२५०पर्यंत आहे, तेवढा पुरतो. हाय-स्पीडमध्ये फ्लॅश एका लखलखाटाऐवजी सलग थरथरता उजेड देतो. दोनहून जास्त स्टॉप गमावतात आणि हालचाल गोठवण्याची फ्लॅशची ताकदही जाते.

---

ओली_पायवाट

बेडकांचा उल्लेख आहे म्हणून पावसाळ्याचं बोलते.

ओली त्वचा भुंगेऱ्यापेक्षा अवघड. भुंगेऱ्याच्या पाठीवर एक प्रतिबिंब, बेडकाच्या अंगावर पाण्याच्या प्रत्येक थेंबात एक. डिफ्यूजर मोठा असला तरी शेकडो बारीक पांढरे ठिपके राहतात. इथे पडद्याची दिशा बदलून पाहा. उजेड समोरून न देता बेडकाच्या किंचित मागून आणि वरून दिला तर चकाकी पाठीच्या कडेवर सरकते आणि चेहरा स्वच्छ राहतो. केबल असेल तर हे शक्य होतं, हॉट-शूवर नाही. बेडकाच्या बाबतीत तरी मी रानवाट यांच्या बाजूने आहे.

फ्लॅश पावसात जपा. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठतो. डोक्यात किंवा सेलच्या कप्प्यात पाणी गेलं तर बटण दाबून पाहू नका, सेल काढा आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत वापरू नका, उघडू तर मुळीच नका. नरसाळ्याचं पाठीकडचं तोंड डोक्यावर घट्ट बसत असेल तर काचेचा भाग तसा झाकलेला राहतो. उरलेल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी, शूच्या बाजूला रबर बँड. फ्लॅशच्या तळाच्या पिनांवर कोकणातल्या दमट हवेत हिरवट थर चढतो आणि फ्लॅश मध्येच चालतो, मध्येच नाही. पेन्सिलीच्या खोडरबराने पिना घासा, भुगा फुंकून टाका.

सेल साधे अल्कलाइन नकोत. चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड, १९००-२००० एमएएच. अल्कलाइन थोडे वापरले की दोन फ्लॅशमधला वेळ वाढत जातो, आणि दिवा लागण्याआधी बटण दाबलं की अर्धवट उजेडाचा फोटो येतो.

प्राण्यांबद्दल तीन गोष्टी, यांत तडजोड नको. डास पळवणारं मलम लावलेल्या हातांनी बेडकाला स्पर्श नको. त्यांची त्वचा सगळं शोषते, आणि तेच मलम कॅमेऱ्याच्या रबराला आणि प्लास्टिकलाही खातं. रात्री फोकसिंगसाठी टॉर्च मंद ठेवा, एका प्राण्यावर पाच-सहा फ्लॅश झाले की थांबा. आणि आंबोलीसारख्या ठिकाणी कातळ-सड्यावर पाय कुठे ठेवताय ते पाहा. आंबोली टोड तिथे आणि जवळपासच्याच सड्यांवर आढळतो, आणि त्याची अंडी कातळावरच्या चार बोटं खोल पाण्यात असतात. गुडघा टेकून फोटो काढायची जागा आणि त्यांची जागा एकच असते.

---

काजवा

नरसाळं तयार झालं. छर्ऱ्यात चौकोन बऱ्यापैकी एकसारखा उजळतो, मध्य आणि कडांत एक टप्प्याचा फरक. एकूण अडीच स्टॉप गेले. भुंगेऱ्याचा डाग फिकट पट्टा झाला, खालचा तांबूस रंग दिसतो. दोन गोष्टी उरल्या. जंपिंग स्पायडरच्या मोठ्या डोळ्यांत पांढऱ्या चौकोनाच्या मधोमध एक काळी आडवी रेघ येते. आणि धातूसारख्या हिरव्या भुंगेऱ्यावर पट्टा अजूनही फार उजळ आहे.

---

पानाखाली

रेघ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन फोल्डरची घडी. घडीच्या जागी प्लास्टिक पांढरं आणि दाट होतं, उजेड कमी जातो. फोल्डरचं एकच पान घ्या, घडीच्या बाजूने एक सेंटिमीटर सोडून कापा. तिरकं तोंड १८ × १८ आणि चिकटवायला चारी बाजूंना एकेक सेंटिमीटर धरलं तरी ए४च्या एका पानातून नीट निघतं. बसवताना पडदा ताणून सपाट करू नका, मधोमध फ्लॅशच्या दिशेने आत दबेल असा खोलगट बसवा, ताटलीच्या आतल्या बाजूसारखा. कडा किड्याच्या जवळ येतात, उजेड दोन्ही बाजूंनी वळसा घेतो आणि डोळ्यातल्या चौकोनाच्या कडाही मऊ होतात. त्यासाठी पडदा रुंदीला २ सेमी जास्त कापावा लागेल.

---

भिंगवाला

धातूसारख्या भुंगेऱ्याचं वेगळं आहे. त्याचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नाही, पाठीच्या सूक्ष्म थरांतून उजेड परावर्तित होऊन तयार होतो. म्हणजे त्याचा रंगच एक प्रकारची चकाकी आहे. पडद्याचा भाग जिथे प्रतिबिंबित होतो तिथे रंग पेटतो, जिथे पडद्याबाहेरचा अंधार प्रतिबिंबित होतो तिथे पाठ काळी दिसते. त्यामुळे इथे पडदा आणखी जाड करून काही होणार नाही, त्याने किड्याला आणखी *वेढायला* हवं. जिभेसारख्याच पांढऱ्या फोमच्या दोन पट्ट्या, ८ × १० सेमी, नरसाळ्याच्या तोंडाला डाव्या-उजव्या बाजूंनी वेल्क्रोने लावा, पंखांसारख्या किड्याकडे वळवलेल्या. पाठीवरचे काळे भाग भरून येतात, मग एकूण एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप उतरवता येतं आणि पट्टाही आटोक्यात येतो.

काही जण फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि भिंगावर पोलरायझर फिल्टर आडवे-उभे लावून चकाकी पूर्ण मारतात. साध्या तपकिरी किंवा काळ्या भुंगेऱ्यावर ते चालतं, पोत सुरेख दिसतो, पण प्रकाश बराच खर्च होतो आणि फिल्म फ्लॅशच्या काचेजवळ लावली तर उष्णतेने जळते, म्हणून ती बाहेरच्या पडद्यानंतर लावायची. आधी लावली तर पडदा ते पोलरायझेशन पुन्हा विस्कटून टाकतो. तुमच्या हिरव्या भुंगेऱ्यावर मात्र हे करू नका. चकाकी मारली की बऱ्याचदा रंगही मरतो आणि हाती मातकट किडा उरतो. पंख लावून पाहा आणि छर्ऱ्याचा फोटो पुन्हा घ्या: छर्ऱ्यात चौकोनाच्या दोन्ही बाजूंना फिकट करड्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर पंखांवर उजेड पोहोचत नाही, त्यांना आणखी १० अंश आत वळवा.